संसार जोडून देणारा कायदा कोणासाठी?

आषाढसरी:
थायलंडच्या २००७ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात न्यायालय आधी समेट घडवू पाहते, म्हणून तो साऱ्या आग्नेय आशियाने उचलावा, असे सह्याद्रीकर यांनी काल लिहिले. त्याच कायद्यात तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे आणि शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कैद व सहा हजार बाथ दंड एवढीच आहे, हे त्यांनी का वगळले? फिलिपिन्सच्या २००४ च्या कायद्याने बरांगायच्या, म्हणजे अगदी वस्तीपातळीवरच्या, पदाधिकाऱ्यांना बाईवर तडजोडीसाठी दबाव आणण्यास मनाई केली. इंडोनेशियानेही २०२२ मध्ये लैंगिक हिंसेचे गुन्हे न्यायालयाबाहेर मिटवणे बंद केले. अपवाद फक्त अल्पवयीन आरोपींचा.

सह्याद्रीकर:
बरांगायचा संरक्षण आदेश पंधरा दिवस चालतो. सोळाव्या दिवशी त्या बाईने मुलांना घेऊन कुठे जायचे? माझ्या मावशीला चारचौघांनी मध्ये पडून सासरी परत नेले नसते, तर तिला थारा नव्हता. तिचा संसार पुढे तीस वर्षे टिकला.

झुळूक:
टिकला, हे तुम्ही सांगता. मावशींना कधी विचारलेत? माझ्या आईला अशाच बैठकींतून तीनदा परत पाठवले. तिसऱ्या वेळी तिचा उजवा हात मोडलेला होता आणि मध्यस्थांसाठी चहा तिनेच डाव्या हाताने केला. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कृपा करून तीस वर्षांचा हिशेब आम्हाला सांगू नका.

सह्याद्रीकर:
विचारले नाही, हे खरे. तरीही व्हिएतनामच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत नवऱ्याची शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रिया कोणत्याही अधिकृत यंत्रणेकडे गेल्याच नव्हत्या. त्यांना आधार कोण देणार?

आषाढसरी:
जिथे गेल्यावर पुन्हा 'जुळवून घे' हेच ऐकावे लागते, तिथे कोण जाईल? पंधरा दिवस अपुरे आहेत, एवढे मी मान्य करते. पण सोळाव्या दिवशी तिनेच का निघायचे? घर कोणाच्याही नावावर असो, फिलिपिन्सचे न्यायालय मारणाऱ्यालाच घराबाहेर काढू शकते, आणि नोकरी करणाऱ्या पीडितेला दहा दिवसांपर्यंत भरपगारी रजाही मिळते.

सह्याद्रीकर:
घराबाबतची ही तरतूद मला ठाऊक नव्हती, आणि मावशीच्या वेळी तशी काही असती तर मी काल तसे लिहिले नसते. मात्र न्यायालयाच्या दारापर्यंत तिच्यासोबत चालायला माणसे लागतीलच, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही.