रॅमच्या आधी प्लॅन बघ

तुझी क्वेरी हळू चालते म्हणून वर कुणीतरी रॅम वाढव म्हणालंय, पण भावा डेटाबेस पोस्टग्रेस आहे ना तुझा, मग आधी क्वेरीपुढं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावून प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते, बघ की. नुसतं एक्सप्लेन अंदाज सांगतं, अ‍ॅनालाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालते, त्यामुळं अपडेट-डिलीट असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मधे चालव, नाहीतर बोंबललं.

प्लॅनमधे अंदाजे ओळी आणि खऱ्या ओळी यांच्यात जिथं मोठी तफावत दिसेल तिथंच पाणी मुरतंय. इकडं कोल्हापूर साइडला साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा डेटा बघतो मी, गळीत हंगाम सुरू झाला की हेच. सगळ्या जुन्या हंगामांच्या ओळी एकाच टेबलात, आणि ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल) डीफॉल्टला साधारण 10 टक्के ओळी बदलल्याशिवाय अ‍ॅनालाइझ (हे वेगळं, टेबलाची आकडेवारी ताजी करणारं) करत नाही, मग प्लॅन ठरवणाऱ्या प्लॅनरला नव्या तारखांचा पत्ताच नसतो, त्याला वाटतं एखादी ओळ येईल म्हणून नेस्टेड लूप (एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा शोध) घेतो आणि येतात हजारो, बसा मग उसाच्या ट्रॉलीगत लाइनीत. त्या टेबलावर हातानं अ‍ॅनालाइझ मार आणि त्याच टेबलापुरता स्केल फॅक्टर, म्हणजे ती 10 टक्क्यांची मर्यादा, कमी कर.

आणि तू क्वेरीच्या व्हेअर अटीमधे टाइमस्टँप (तारीख-वेळ) कॉलमला डेट फंक्शन लावलंयस, त्यानं त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) वाया जातो. आज 0 वाजल्यापासून उद्या 0 वाजायच्या आत अशी रेंज दे. एवढं करून प्लॅनमधे सॉर्टला एक्स्टर्नल मर्ज डिस्क दिसलं, म्हणजे सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर गेलं, तर वर्क मेमचं (सॉर्टसारख्या कामाला किती मेमरी द्यायची ते सेटिंग) बघू.