शहरात मजुरी जास्त का? ‘महागाई’ हे उत्तर मला पटत नाही

बांधावरचा: पुसदचा गवंडी पुण्यात गेला की त्याच थापीने जास्त कमावतो. पारावर उत्तर ठरलेलं: तिथं महागाई आहे. पण तुमचं भाडं वाढलं म्हणून कोणता ठेकेदार रोज वाढवून देतो? देतो, कारण त्याला परवडतं आणि नाही दिलं तर माणूस शेजारच्या साइटवर जातो. गावात बांधकामं मोजकी, म्हणून एकच गवंडी प्लास्टरही करतो, फरशीही बसवतो. शहरात फरशीवाला बाराही महिने फरशीच बसवतो, हात बसतो, काम दुप्पट निघतं. कामाची वाटणी बाजाराच्या आकारावर ठरते, हे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहिलं. हमालालासुद्धा मोठ्या शहरातच पुरेसं काम मिळतं, हे उदाहरण त्याचंच.

कपाशीवाला: स्मिथले राहू द्या भाऊ. केंद्राच्या नोकराले घरभाडे भत्ता पुण्यात मूळ पगाराच्या ३० टक्के, अमरावतीत २०, यवतमाळात १०. मंग महागाई कारण नाही कसं?

बांधावरचा: सरकारला नफा काढायचा नसतो, कारखानदाराला असतो. खर्चाचाच प्रश्न असता तर पुण्याजवळच्या चाकणचे कारखाने कधीच आपल्या उमरखेडला आले असते. येत नाहीत, कारण सुटे भागवाले, फिटर, गिऱ्हाईक सगळे तिथेच.

वेचाईवाली: तुम्ही दोघंही रोजाचंच बोलता, वर्षाचं बोला ना. कापूस फुटला की दर आम्ही सांगतो, मजूर मेळघाटातून, मध्य प्रदेशातून आणा लागतात. फेब्रुवारीत वावर रिकामं झालं की कोणी ओळख देत नाही. रोजगार हमीचा दर २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता, पण काम निघालं तर! अन् बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी काहून, हे स्मिथनं लिहिलं का?

बांधावरचा: ताई, वर्षाचा मुद्दा मान्य. बाईच्या रोजाला माझ्याकडे उत्तर नाही.

कपाशीवाला: मालकाचंही ऐका. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ मध्ये ८,११० रुपये क्विंटल होता, व्यापारी त्याच्याही खाली मागत होते. माह्या कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल निघते. बियाणं, खत, फवारणी वजा करून शहराइतका रोज कुठून देऊ? नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस ही कापडाची मिल सुरू झाली होती, तीही गेली. रुईच्या गाठी बाहेर जातात, सूत-कापडाची मजुरी दुसऱ्याच्या गावात पडते.

बांधावरचा: म्हणजे माझाच मुद्दा झाला: मजुरी मालाच्या मोलातून येते.

कपाशीवाला: मोल कमी नाही बापा, भाव पाडला जाते. दोन्ही एक नाहीत.

वेचाईवाली: अन् शहरात गेलेला पोरगा सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहते. काम नाही लागलं तर त्या दिवसाचा रोज शून्य, खोलीभाडं चालूच. तेही धरा हिशेबात.