‘ख्रिस्ताचे भागीदार’: कोणाचे की कशाचे?

चादरवाला
मागच्या रविवारी इथे सोलापुरात एका मित्राबरोबर उपासनेला गेलो होतो. वाचन बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं, 3:14 (अध्याय 3, वचन 14). त्यात ‘ख्रिस्ताचे भागीदार’ आलं आणि मी तिथेच अडकलो. आमच्या घरात भागीदार म्हटलं की यंत्रमागाची शेड, वडील आणि काका, आणि दर दिवाळीला हिशेबावरून धरलेला अबोला. असला व्यापारी शब्द देवाच्या पुस्तकात कसा शिरला? साधं ‘सहभागी’ का नाही म्हटलं?

रेघोटी
‘सहभागी’ झिजून गुळगुळीत झालाय हो. रांगोळीत नंबर नाही आला की ‘सहभागा’बद्दल प्रमाणपत्र मिळतं.

जुनी पोथी
शब्द शिरलेला नाही, मुळातच व्यापारातला आहे. ग्रीकमध्ये ‘मेटोखॉस’. लूक 5:7 मध्ये मासे इतके लागतात की जाळी फाटायला येतात आणि येशूचा शिष्य पेत्र याच्याकडचे लोक दुसऱ्या मचव्यातल्या साथीदारांना खुणावतात, ते साथीदार म्हणजे हेच ‘मेटोखॉइ’ (‘मेटोखॉस’चं अनेकवचन). इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या करपावत्यांवर ‘अमका व त्याचे मेटोखॉइ’ असं येतं, आपल्या ‘आणि मंडळी’सारखं. आजच्या ग्रीकमध्ये तर शेअरहोल्डरला हाच शब्द.

पण गंमत ‘भागीदार’मध्ये नाही, त्याआधीच्या ‘चे’मध्ये आहे. ‘काकांचा भागीदार’ म्हणजे काकांच्या जोडीनं धंद्यात असलेला. ‘शेडचा भागीदार’ म्हणजे शेडमध्ये वाटा असलेला. मग ‘ख्रिस्ताचे भागीदार’ यातलं कुठलं? त्याचे जोडीदार, की खुद्द त्याच्यातच वाटा मिळालेले? अभ्यासकांत यावर दोन तट आहेत, आणि पत्र दोघांनाही पुरावा देतं. 1:9 मध्ये तोच शब्द ‘सोबती’ या अर्थानं येतो. 3:1 मध्ये स्वर्गीय पाचारणात (देवाच्या बोलावण्यात) आणि 6:4 मध्ये पवित्र आत्म्यात वाटा असलेले, या अर्थानं. मराठीनं ‘चे’ ठेवून दोन्ही दारं उघडी ठेवली, हे मला तरी बरं वाटतं. ‘ख्रिस्तामध्ये सहभागी’ केलं असतं तर एक दार बंद झालं असतं.

आणि त्या ओवीत ‘जर’ आहे, तो विसरू नका. आरंभीचा भरवसा शेवटपर्यंत धरला तर. (ओवी म्हटलं मी! सवय. बायबलात ‘वचन’ म्हणतात.)

चादरवाला
मग ‘वाटेकरी’ का नको? अस्सल मराठी आहे की.

जुनी पोथी
वाटेकरी वाढला की वाटा घटतो, ही त्या शब्दाची खोड. प्रेषित पौल 1 करिंथ या पत्रात, 10:17 मध्ये, प्रभुभोजनाबद्दल (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा ख्रिस्ती विधी) नेमकं उलटं सांगतो: भाकर एक, म्हणून ती खाणारे पुष्कळजण असूनही एक शरीर. इथे वाटणीनं तुकडे पडत नाहीत, माणसंच जोडली जातात. त्याच्या आधीच्या वचनात प्याला आणि भाकर यांच्यासाठी ‘कोइनोनिया’ आहे, आपली ‘सहभागिता’. पौलाच्याच फिलिप्पै पत्रात, 3:10 मध्ये, तोच शब्द ख्रिस्ताच्या दुःखांसाठी येतो. म्हणजे नफ्यातच नव्हे, तोट्यातही.

गड्डा
म्हणजे प्रसादासारखंच ना? सिद्धेश्वराच्या यात्रेत घेतो तसा?

रेघोटी
जवळचं आहे, पण तेच नाही. प्रसाद देवाला दाखवलेल्या नैवेद्याचा. इथे देणारा ख्रिस्तच स्वतःला देतो, असं ख्रिस्ती लोक मानतात. कसं देतो यावरून मात्र त्यांच्यातच भांडण. कॅथलिक म्हणतात, भाकर आणि द्राक्षारस यांचं तत्त्वच बदलून ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं. 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली या प्रोटेस्टंट सुधारकांचं याच मुद्द्यावर फिसकटलं. ल्यूथर म्हणे ख्रिस्त त्यात खरोखर आहे, झ्विंग्ली म्हणे ही त्याची आठवण. कॅल्विन या आणखी एका सुधारकानं पुढे तिसरं सांगितलं: भाग खरा मिळतो, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे, विश्वासानं.

चादरवाला
त्या उपासनेत ‘जीवनाची भाकर’ ऐकताना माझ्या डोळ्यासमोर ज्वारीची कडक भाकरीच आली, काय करणार! मित्राच्या आईला सहज विचारलं, तुम्ही प्रभुभोजन केलं का? त्या हसल्या. “केलं नाही रे बाळा, घेतलं. जेवण करतात. प्रभुभोजन घेतात.”