डायलिसिसवरच्या आईला पाणी नाही कसं म्हणायचं?

धायरीची लेक:
आई ६३ वर्षांची. मधुमेहाने दोन्ही किडन्या गेल्या. फेब्रुवारीपासून मंगळ, गुरू, शनि डायलिसिस. चार तास मशीनवर, मग सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून घरी येईस्तोवर पार गळून जाते. ते जमवलंय, भावाने आणि मी वार वाटून घेतलेत. बाबा रोज सकाळी फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या हातावर बोटं ठेवून रक्त वाहत असल्याची थरथर लागते का बघतात. त्या हातातल्या बांगड्याही त्यांनीच उतरवल्या.

जमत नाही ते पाणी. डॉक्टरांनी चहा-आमटी धरून दिवसाला एक लिटर सांगितलंय. त्यात हा उन्हाळा. रात्री दोनला उठून ती माठापाशी जाते. परवा मी तिच्या हातातला पेला काढून घेतला. काही बोलली नाही. पदराने ओठ पुसले आणि जाऊन झोपली. मला मात्र झोप लागली नाही.

पाणी जास्त झालं की मशीनवर बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, धाप लागते, हे सगळं कळतं मला. तुमच्या घरी कसं केलंत?

कोथरूडची सून:
आधी मीठ बघा. लोणचं, पापड, फरसाण बंद केल्यावर सासऱ्यांची तहान खूप उतरली. साखर चढली तरी तहान लागते, ती तपासा. आणि कुणी ‘कमी सोडियमचं मीठ’ सुचवलं तर आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. नारळपाण्याचंही तेच. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

सहा वर्षं मशीनवर:
ताई, मी स्वतः पेशंट आहे. पेला काढून घेऊ नका. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून आईंच्या हातात द्या. चहा प्यायल्या की तेवढं त्यांनीच ओतून टाकायचं. आमचं खाणं, झोपणं, उठणं सगळं दुसरे ठरवतात हो, निदान घोट तरी आपला असावा. रात्रीसाठी बर्फाचे दोन छोटे खडे, तेही हिशेबात धरून. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून थुंकायचं.

धायरीची लेक:
तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. तिने बाटली नको म्हटलं, देवघराशेजारचं तांब्याभांडं मागितलं. भांड्याने मोजून तांब्या स्वतः भरला. काल रात्री दोनला उठली, अर्धं भांडं प्यायली, उरलेलं झाकून ठेवलं. मी जागी होते, पण उठले नाही.