नागमोडी फ्लो फील्ड: सिम्युलेशनमध्ये प्रेशर ड्रॉप (इनलेट ते आउटलेट दाबातली घट) इतका कमी का येतोय?

प्रश्न:
पेम (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन) फ्युएल सेलच्या कॅथोड प्लेटचं, म्हणजे हवेच्या बाजूच्या प्लेटचं, मॉडेल आहे. एकच नागमोडी चॅनेल, १ × १ मिमी, रिब (दोन ओळींमधली भिंत) १ मिमी, ५० मिमीच्या २५ ओळी, एकूण लांबी १.२५ मी. खाली २०० मायक्रॉन जीडीएल (गॅस डिफ्युजन लेअर, सच्छिद्र थर). कोरडी हवा, ८० °से., २५ अँपिअरसाठी स्टॉइकिओमेट्री २ (लागते त्याच्या दुप्पट हवा). रिअ‍ॅक्शन बंद, नुसता फ्लो. हाताने हिशोब केला तर ड्रॉप १३ किलोपास्कल येतो, फ्लुएंट (फ्लो सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) जेमतेम ८०० पास्कल दाखवतं. मेश (गणिताची जाळी) दुप्पट बारीक केली, तरी आकडा तिथेच. जीडीएलच्या पोरस झोनमध्ये १० चा उणे १२ वा घात टाकलाय.

उत्तर १:
घोळ तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. तो रकाना परमिअ‍ॅबिलिटीचा नाही, व्हिस्कस रेझिस्टन्सचा आहे, म्हणजे तिचा (हवा थरातून किती सहज जाते त्या मापाचा) व्यस्त. तिथे १० चा अधिक १२ वा घात हवा. सध्या तुमचा जीडीएल म्हणजे २०० मायक्रॉनची मोकळी फट आहे आणि हवा वळणं न घेता रिबखालून सरळ आउटलेट गाठतेय. मेश बारीक करून हे सुटणार नाही.

हाताचा हिशोब बरोबर आहे: वेग सुमारे १८ मी./से., रेनॉल्ड्स संख्या ८५० च्या आसपास, म्हणजे फ्लो संथ थरांचा (लॅमिनार), खळबळीचा (टर्ब्युलंट) नाही. लॅमिनारच ठेवा, टर्ब्युलन्स मॉडेल लावू नका.

खात्री करायची तर एका रिबच्या मधोमध जीडीएलमध्ये उभा प्लेन घ्या आणि त्यातला मास फ्लो बघा. दुरुस्तीनंतर तो एकूण फ्लोच्या साधारण दीड टक्का यावा, वळणापाशी जवळजवळ शून्य आणि त्याच रिबच्या दुसऱ्या, उघड्या टोकाला सर्वांत जास्त. परमिअ‍ॅबिलिटी दहापट धरली तर हाच वाटा १४ टक्क्यांवर जातो. म्हणून जीडीएलचा आकडा दाबलेल्या अवस्थेतला, इन-प्लेन (थराच्या पातळीतल्या) दिशेचाच घ्या.

प्रश्नकर्ता:
अधिक १२ टाकलं, आता १३ च्या थोडं वर येतंय. जास्तीचा भाग वळणांचा असावा. एकाऐवजी तीन समांतर नागमोडी चॅनेल केले तर?

उत्तर २:
प्रत्येकात फ्लो एक तृतीयांश, लांबीही एक तृतीयांश, म्हणून ड्रॉप नवव्या भागावर, दीड किलोपास्कलजवळ येतो. ब्लोअरला सोपं, पण वेग ६ मी./से. वर उतरतो आणि पाण्याचे थेंब ढकलायला जोर उरत नाही. एक चॅनेल तुंबला की हवा उरलेल्या दोघांतून निघून जाते. सिंगल-फेज (फक्त वायू, पाणी नाही) मॉडेलमध्ये हे दिसतच नाही, त्यामुळे नुसत्या कमी ड्रॉपवर डिझाइन पक्कं करू नका.

रिअ‍ॅक्शन सुरू करताना ०.९५ व्होल्टपासून ०.०५ च्या पायऱ्यांनी खाली या, थेट ०.६ वर उडी मारली तर सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) बहुधा फुटतो. २५ अँपिअरला इनलेट आणि आउटलेटच्या ऑक्सिजनमधला फरक २.०७ मिग्रॅ/से. भरला पाहिजे. तो जुळेपर्यंत रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) कितीही खाली गेले तरी उत्तर धरू नका.