दोन समांतर आयुष्ये आणि सामाईक प्रतिमा: हा दुवा कितपत खरा?

प्रश्न

व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) ही कादंबरी नुकतीच वाचली. क्लॅरिसा डॅलोवे संध्याकाळच्या मेजवानीच्या तयारीत आहे आणि महायुद्धातून परतलेला सेप्टिमस त्याच दिवशी, त्याच लंडनमध्ये मनाचा तोल ढळून मृत्यूकडे सरकतो आहे. दोघांची भेट मात्र शेवटपर्यंत होत नाही. घड्याळाचे ठोके, खिडकी किंवा कवितेची एखादी ओळ दोन्ही कथानकांत आली, एवढ्यावरून ती आयुष्ये एकमेकांशी जोडली गेली असे मानावे काय? अशा खुणा कोणत्याही दोन कथांत पेरता येतील. अर्थपूर्ण पुनरावृत्ती आणि निव्वळ सजावट यांतला फरक वाचकाने कसा ओळखावा?

प्रतिसाद १

प्रतिमा एका आयुष्यातून दुसऱ्यात जाताना बदलते का, हे पाहावे. बिग बेनचे ठोके सर्वांना सारखेच ऐकू येतात. त्यांनी वेळ जुळते, याहून फारसे काही साधत नाही. खिडकीचे तसे नाही. आरंभीच क्लॅरिसाला तरुणपणीची एक सकाळ आठवते: काचेची दारे उघडून मोकळ्या हवेत झेपावल्याचा आनंद, आणि त्यातच काहीतरी भयंकर घडणार असल्याची पुसट जाणीव. सेप्टिमस डॉक्टरांच्या हाती सापडू नये म्हणून खिडकीतून खरोखरच उडी घेतो, तेव्हा त्या सकाळच्या आनंदातली भीती मागाहून उलगडते.

शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलिन’ या नाटकातील, उन्हाच्या तापाचे भय आता बाळगू नकोस, अशा अर्थाची ओळ याहून महत्त्वाची आहे. क्लॅरिसा ती सकाळी पुस्तकांच्या दुकानाच्या काचेआड उघड्या ठेवलेल्या पुस्तकात वाचते. मृत्यूपूर्वी काही वेळ तिचे पडसाद सेप्टिमसच्या मनात उमटतात. आणि मेजवानीत एका अनोळखी तरुणाच्या आत्महत्येची वार्ता कळल्यावर ती क्लॅरिसाला पुन्हा आठवते. ते शब्द त्याच्याही मनात होते, हे तिला कधीच कळत नाही. कळते ते केवळ वाचकाला, म्हणजे त्या दोघांची भेट वाचकाच्या मनातच होते. मूळ आराखड्यात सेप्टिमस नव्हता आणि मृत्यू क्लॅरिसाला यायचा होता, असे वुल्फ यांनीच १९२८ च्या प्रस्तावनेत लिहिले आहे.

प्रतिसाद २

प्रस्तावना हा कादंबरीबाहेरचा पुरावा आहे, म्हणून तिच्यावर मी फारसा भर देणार नाही. शिवाय समांतरतेला सामाईक वस्तू लागतेच असेही नाही. टॉलस्टॉय यांच्या ‘ॲना कॅरेनिना’मध्ये रेल्वे ही प्रामुख्याने ॲनाची प्रतिमा आहे: आरंभी गाडीखाली सापडलेल्या पहारेकऱ्याचा मृत्यू तिला अपशकुन वाटतो आणि अखेरीस ती स्वतः गाडीखाली जीव देते. कादंबरीतील दुसऱ्या, समांतर कथानकाचा नायक लेविन याच्या वाट्याला ही प्रतिमा त्या रूपात येत नाही. तरीही शेवटच्या भागात, सुखी संसार असताना, हा माणूस गळफास घेण्याच्या भीतीने दोर लपवतो आणि बंदूक जवळ बाळगत नाही. ॲना आणि लेविन भेटतात ते एकदाच, सातव्या भागात. कादंबरीच्या रचनेतल्या कमानी अशा जोडल्या आहेत की सांधा दिसू नये आणि ही जोडणी कथानकावर किंवा पात्रांच्या ओळखीवर उभी नाही, असे टॉलस्टॉय यांनी १८७८ मध्ये एका पत्रात म्हटले होते. (हाही बाहेरचाच पुरावा झाला, हे मान्य, पण येथे तो केवळ पुष्टीपुरता आहे.)

प्रश्नकर्ता

मग ‘मिसेस डॅलोवे’त रस्त्यावरून येणाऱ्या मोटारीच्या आवाजाचे काय? बंदुकीसारखा तो आवाज मला केवळ प्रसंग बदलण्याची सोय वाटला होता.

प्रतिसाद ३

सोय तर ती आहेच, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु फुलांच्या दुकानातील क्लॅरिसा त्या आवाजाने क्षणभर दचकते आणि मोटारीत राणी असावी असा तर्क करू लागते, तर रस्त्यावरच्या सेप्टिमसला जग आता पेट घेणार असे वाटते आणि वाट आपल्यामुळेच अडली आहे, असा त्याचा समज होतो. वाचताना मी दुसरा उल्लेख मनातल्या मनात गाळून पाहतो. मोटारीचा आवाज गाळला तर लेखिकेला दोघांना एका रस्त्यावर आणणारी दुसरी एखादी घटना सापडली असती. सेप्टिमसच्या शेवटच्या दुपारमधून ‘सिम्बेलिन’ची ओळ गाळली तर मेजवानीतली ती आठवण क्लॅरिसाच्या एकटीची उरते. ज्या कादंबऱ्यांत एखादी अंगठी किंवा जुने छायाचित्र प्रत्येक कथेत हस्ते-परहस्ते फिरत राहते, त्यांपैकी बऱ्याच या कसोटीवर टिकत नाहीत, असे माझे मत आहे.