रोटाव्हेटरचे गंजलेले बोल्ट निघंनात, कोणता स्प्रे घ्यावा?

लातूरचा वेल्डर
राम राम मंडळी. लातूर-अहमदपूर रोडला आपलं छोटं वर्कशॉप हाय, वेल्डिंग, रोटाव्हेटर, ट्रॉली, पेरणीयंत्र असली कामं. आता मे लागला की सगळ्यांचे रोटाव्हेटर एकदाच येतात, काळ्या चिखलात चालवलेले अन् न धुता तसेच बांधावर उभे केलेले, पात्याचे नट-बोल्ट असे धरून बसलेत की पाना घसरून डोकं गोल होतं पण बोल्ट हलत नाही. दुकानात गेलं की एक जण डब्ल्यूडी-४० पुढं करतो, दुसरा म्हणतो रस्टोलीन न्या, आमचा जुना मिस्त्री म्हणतो काही घेऊ नका, डिझेल सोडा. मोठा कॅन घ्यायच्या आधी विचारायलो, गंज सोडवायचं वेगळं अन् वंगणाचं वेगळं असं खरंच असतं का, का एकच डबा सगळ्याला पुरतो? चेन, बेअरिंग, शटरचं कुलूप, मोटारीच्या स्टार्टरचा पॅनल ह्यालाही तेच मारलं तर चालतं का? पोरं तर दिसेल तिथं तेच मारायलेत.

मेंटेनन्सवाला, वाळूज
दादा, पोरांना आधी थांबवा. डब्ल्यूडी-४० हे वाईट नाही, पण ते मुळात ओल हटवायला अन् गंज लागू नये म्हणून बनलेलं आहे, १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीनं, अन् पुढं ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला लावत होते. त्यात बहुतेक भाग पातळ सॉल्व्हंट, थोडं हलकं तेल. सॉल्व्हंट उडून गेलं की मागं पातळसा थर राहतो, बस. भिजलेलं हत्यार, स्टिकरचा चिकटा, वरवरचा गंज ह्याला एकदम बरोबर. बेअरिंगवर मारलं तर आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, त्या दिवशी बेअरिंग हलकं फिरतं म्हणून पोरगं खुश अन् थोड्या दिवसांत आवाज सुरू. बेअरिंगला लिथियम ग्रीसच, निपलमधून गनने.

गंजलेल्या आट्यांसाठी पेनिट्रेटिंग ऑईल म्हणून लिहिलेला डबा घ्या, डब्ल्यूडी-४० च्या कंपनीचा पण तसला वेगळा येतो. ते इतकं पातळ असतं की आट्यांच्या फटीत आपोआप ओढलं जातं. पण गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फट जवळजवळ बंद झालेली असते, त्यामुळं मारलं अन् लगेच पाना लावला तर कोणतंच तेल काम करत नाही. अन् तुमच्याकडं खरी अडचण माती आहे. वाळलेली काळी माती तेल पिऊन टाकते, आट्यापर्यंत थेंब जात नाही. आधी वायर ब्रशनं, लागलं तर पाणी मारून माती पूर्ण काढा, वाळू द्या, संध्याकाळी तेल सोडा, नटाच्या बाजूनं हातोडीचे हलके ठोके द्या म्हणजे गंजाला चिरा पडतात, सकाळी परत थोडं सोडा. सहा कोनी सॉकेट लावा, बारा कोनी रिंग गंजलेल्या डोक्यावर घसरते. अन् सोडायच्या आधी किंचित आवळून बघा, तिथंच कधीकधी गंज तुटतो. मग थोडं पुढं थोडं मागं करत काढायचा, एका दमात काढायला गेलं की बोल्ट पिरगळून तुटतो.

ट्रॅक्टर वर्कशॉप, जालना
वाळूजवाल्या भाऊंचं सगळं बरोबर आहे पण पात्याच्या बोल्टवर एवढा वेळ अन् तेल कशाला घालायचं? पात्याचा बोल्ट हा बदलायचाच माल आहे, ग्राइंडरनं नट चिरा, छिन्नीनं पाडा, नवा हायटेन्साईल (जास्त ताकदीचा) बोल्ट टाका, गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा. तेल राखून ठेवा जिथं कापता येत नाही तिथं, गिअरबॉक्सचे स्टड (डोकं नसलेले बोल्ट), सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड, हाऊसिंगमध्ये तुटून बसलेला बोल्ट.

अन् अशा ठिकाणी तेलापेक्षा गॅसची आच जास्त काम करते हे माझं स्पष्ट मत. नट तापवायचा, बोल्ट नाही. १६ एमएमचा नट ३०० डिग्रीनं तापला तर भोक ०.०५ मिमीच्या थोडं वर मोठं होतं, ऐकायला काहीच नाही पण गंजाचा थर फुटायला तेवढं पुरतं. जरा निवत आला की मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं. जिथं आधी स्प्रे मारलाय तिथं मात्र पुसल्याशिवाय गॅसची टॉर्च लावू नका, भडका होतो, डब्यातला गॅसही पेट घेणारा असतो. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर वेल्डिंग बिलकुल नको, क्लोरीनवाला असला तर उष्णतेनं फॉस्जीन हा विषारी वायू होतो. ऑईल सील जवळ असलं तर गॅसचा नाद सोडा. लाल केलेला हायटेन्साईल बोल्ट परत वापरू नका, त्याची ताकद गेलेली असते.

डिझेलबद्दल म्हणाल तर ट्रेमध्ये रात्रभर बुडवून ठेवता येतील असे सुटे पार्ट असतील तर डिझेल चांगलंच. उभ्या मशीनवर टिकत नाही, वाहून जातं.

परभणीकर
जास्त लागत असेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) अन् अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं करून तेलाच्या पत्र्याच्या कुपीत ठेवा, आम्ही तेच वापरतो. दोन्ही वेगळे होतात म्हणून दरवेळी हलवून घ्यायचं. अ‍ॅसिटोन रंग खातं, काही प्लॅस्टिक पण, अन् पेट लगेच घेतं, ग्राइंडरच्या ठिणगीपासून लांब.

लातूरचा वेल्डर
लै कामाचं सांगितलं सगळ्यांनी. पात्याचे कापूनच टाकतो मग. बाकीच्यांचं पण सांगा ना, अन् आणखी एक, गॅस कटरच्या ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह जड फिरायलाय, त्याला तेच पेनिट्रेटिंग मारू का?

मेंटेनन्सवाला, वाळूज
नाही दादा, अजिबात नाही. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला, होसच्या टोकाला तेल, ग्रीस, स्प्रे, तेलाचा हातमोजा काहीही लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगी नसताना सुद्धा पेटतं, स्फोट होतो. व्हॉल्व्ह जड असेल तर सिलिंडर बाजूला काढा, वर खूण करा अन् गॅसवाल्याला परत द्या, पाना लावून जोर करू नका. अ‍ॅसिटिलीनच्या बाजूचे आटे उलटे असतात हेही पोरांना माहीत पाहिजे, नाहीतर जाम समजून आणखी आवळतात.

बाकीचं असं. उघड्या चेनला गिअर ऑईल नाहीतर चेनचा स्प्रे, पण धुळीत चालणाऱ्या चेनला जाड थर दिला की माती धरते, पुसून पातळ लावा. शटरच्या कुलपाला ग्राफाईट पावडर, तेल घातलं तर धूळ बसून चिकट होतं. पॅनलला कॉन्टॅक्ट क्लीनर, मेन बंद करून, वाळल्यावरच चालू. रबरी रिंग, सील ह्याला सिलिकॉन स्प्रे, मिनरल तेलानं ईपीडीएमचं रबर फुगतं. पण जिथं नंतर रंग मारायचाय त्याच्या आसपास सिलिकॉन नको, रंगाला डोळे म्हणजे बारीक खड्डे पडतात.

नवे बोल्ट टाकताना आट्यांना कॉपरवालं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावा, पुढच्या मे महिन्यात ते हातानं निघतील. मात्र आट्यांना असं काही लावलेलं असलं की त्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो, तेव्हा जरा कमी आवळा. ट्रॉलीच्या चाकाचे नट कोरडेच ठेवा. अन् डब्यावर ५० डिग्रीच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पत्र्याखालच्या फळीवर तेवढं होतं, डबे खाली भिंतीच्या सावलीत ठेवा. मोठा कॅन घेतला तर पंपाच्या बाटलीत भरून वापरा, वारा असला तरी तेल नटावरच पडतं.